दोन वाट्यांच्या मधात

माझ्या डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी त्या दिवशी माझ्यात जे जे चांगलं पाहिलं, ते सगळं पुढं आजाराचं लक्षण निघालं. त्यांचा यात दोष नाही. गरोदर बाईच्या अंगावर जे दिसेल त्याचा शुभ अर्थ काढायचा, ही आमच्याकडची रीत, आणि त्या रीतीला धरूनच बोलत होत्या. माझा चेहरा गोल झाला होता, तर म्हणाल्या, तेज आलं. पायांवर सूज होती, तर म्हणाल्या, लक्ष्मी जड पावलांनीच येते. हिरवा चुडा भरायला आलेल्या कासारणीला माझ्या हातात बांगडी घालायला साबण लागला, प्लॅस्टिकची पिशवी लागली, शेवटी तिनं मोठं माप काढलं. "हात भरला व पोरीचा," ती म्हणाली, "खात्यापित्या घरी पडली." हे ऐकून सासूबाई दिवसभर खुशीत होत्या.

कार्यक्रम चिखलीला, सासरी होता. तो उरकला की पहिल्या बाळंतपणासाठी आई मला माहेरी, धाड गावाला, घेऊन जाणार होती. सगळी घाई चालली होती ती सातवा महिना सरायच्या आत कार्यक्रम व्हावा म्हणून. सातव्यात जन्मलेलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्या दोन्ही घरांत पक्कं मानतात. त्यामुळं आठव्यात काहीच करायचं नाही. ना कार्यक्रम, ना प्रवास. मी शाळेत शिकवते. महिनाभर जास्त वाढलेलं लेकरू जास्त अशक्त कसं, हे गणित मला कधी पटलं नाही. एकदा आईला तसं विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या शाळेत शिकवत नाईत ते सगळंच खोटं असते का?"

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी चाचणीचे पेपर तपासताना ओळी मध्येच हलायला लागल्या होत्या. कडेचे शब्द नीट दिसायचे आणि ज्या शब्दाकडं पाहावं तोच पुसट व्हायचा. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीवरून पाणी ओघळतंय असं वाटायचं. हात लावला की भिंत कोरडी. डोकं दुखत होतं, पण त्याला झोप न होणं पुरेसं होतं. नववीपासून मला चष्मा आहे, त्यामुळं डोळ्यांचं काहीही झालं तरी आमच्या घरात एकच निदान होतं. मी नवऱ्याला म्हणाले, "नंबर वाढला वाटते." त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे. त्याच्या हिशेबी प्रत्येक कामाचा हंगाम असतो. "कार्यक्रम होऊ दे," तो म्हणाला, "मग जाऊ चष्म्याच्या दुकानात." डॉक्टरांकडची मागची तपासणी चांगली आली होती आणि पुढची धाडला गेल्यावर करायची होती. मलाही त्याचं म्हणणं रास्त वाटलं.

तर डोहाळजेवण. भाड्यानं आणलेला झोपाळा, मागं थर्माकोलचा चंद्र, माझ्या अंगावर शेवंतीच्या फुलांचे दागिने आणि हातात धनुष्यबाण. एवढा सगळा बंदोबस्त झाल्यावर समोर ताट आलं. ताटात दोन वाट्या उपड्या ठेवलेल्या, एकीखाली पेढा आणि दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंग तपासणीवर सरकारनं एवढे कायदे केले, पण ही तपासणी मात्र सगळ्या गल्लीसमोर, व्हिडिओ काढत चालते.

मी ताटाकडं पाहिलं. ताटाची कड दिसत होती, कडेचं हळदीकुंकू दिसत होतं, धरणारीच्या बांगड्या दिसत होत्या. मध्ये जिथं वाट्या असायला हव्या होत्या तिथं राखेच्या रंगाचा एक गोल डाग होता. नजर हलवली की डागही हलायचा. बायका ओरडत होत्या, "उचल, उचल." मी अंदाजानं हात खाली नेला. तो ताटावर टेकला. डावीकडं एक वाटी अंगठ्याला लागली, उजवीकडं दुसरी करंगळीला.

मग सासूबाईंच्या नणंदेनं, म्हणजे माझ्या आत्यासासूंनी, टाळी वाजवली. "दोन हायेत! पाह्यलं का? ना पेढ्याले हात लावला, ना बर्फीले. मधात ठेवला. जुळे होतात पोरीले!"

"सोनोग्राफीत एकच हाय म्हणते," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आशेचा होता.

"एकाच्या मांगं दुसरं लपते. मशीनले काय समजते?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! सगळ्या हसल्या आणि मीही हसले. पण मी काही कौल देत नव्हते, मला वाट्याच दिसल्या नव्हत्या. हे त्या झोपाळ्यावर, फुलांचा मुकुट घालून, कोणाला आणि कसं सांगायचं? आईनं दोन्ही वाट्या उचलल्या आणि पेढा-बर्फी दोन्ही माझ्या तोंडात कोंबलं. ती हसत नव्हती, हे मला नंतर व्हिडिओत दिसलं.

संध्याकाळच्या आत नवरा मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं तो जड लोखंडी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यात भिंग मागून भिंग टाकत राहिला. कोणत्याच भिंगानं मधलं अक्षर येईना. मी कडेची अक्षरं वाचून दाखवत होते. शेवटी त्यानं चष्मा उतरवला. "पोटुशीपणात नंबर हलते मॅडम," तो म्हणाला. "आता बनवला तर नंतर फेकाच लागते. बाळंतपण होऊ द्या, मग या." ही गोष्ट खरीच आहे, मी नंतर डॉक्टरांना विचारून खात्री केली. फक्त ती माझ्या बाबतीत खरी नव्हती. नवऱ्याला इतकं हायसं वाटलं की येताना त्यानं रसवंतीवर गाडी थांबवली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी आईनं माझी नजर उतरवली. मीठ, मोहरी, वाळलेल्या मिरच्या. चुलीवर टाकल्या तर मिरच्यांचा ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर मोठी, एवढ्या बाया येऊन पाहून गेल्या. आईला बरं वाटलं, कारण आता दुखण्याला कारण मिळालं होतं आणि त्यावरचा उपायही झाला होता. आम्ही निघालो. नवरा गाडी चालवत होता, आई माझ्याशेजारी मागं.

बुलडाणा यायच्या आधीच मला उलटी झाली. बरगडीखाली दुखत होतं. डोळे मिटले तरी कडेला ठिणग्या उडत होत्या, वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना उडतात तशा. आईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि मी बाटलीच्या वीतभर बाजूला हवेत मूठ आवळली. तिनं बाटली खाली ठेवली, माझी हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडं वळवलं.

"माह्याकडं पाह्य बरं. काय दिसते?"

"तुह्यं कपाळ दिसते. कानातलं दिसते."

"अन् तोंड?"

"तोंड नाई दिसत."

आईनं आयुष्यात जावयाला कधी काही करायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. "जावईबापू, गाडी धाडले नका नेऊ. आधी दवाखान्यात घ्या." तिच्या आवाजाला धार होती. नवऱ्यानं बुलडाण्यातल्या दवाखान्याकडं गाडी वळवली.

दवाखान्यात नर्सनं एका दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मग दुसऱ्या दंडाला, आणि तडक डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. "यांचा चेहरा नेहमी असाच असतो का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"नाई," तो म्हणाला, "तेज आलंय म्हणत होते सगळे."

"ही सूज आहे," त्या म्हणाल्या. मग लघवी तपासली, रक्त घेतलं, आणि एक इंजेक्शन सुरू झालं. ते लागताच कोणी आतून तापलेला तवा टेकवल्यासारखी सगळ्या अंगाची आग झाली. झटके येऊ नयेत म्हणून ते देतात.

दुपारी डोळ्यांचे डॉक्टर आले. थेंब टाकले, उजेड मारला, बराच वेळ आत पाहत राहिले. त्यांनी सांगितलं ते असं. गरोदरपणात बीपी वाढून हा आजार होतो. माझ्या डोळ्यांच्या पडद्याखाली त्यामुळं पाणी साचलं होतं आणि पडदा त्या जागी उचलला गेला होता. दोन्ही डोळ्यांत होतं, उजव्यात जास्त. चष्म्याचा यात काही संबंध नव्हता. बाळ बाहेर आलं आणि बीपी उतरलं की बहुतेक वेळा हे पाणी आपोआप जिरतं.

"बहुतेक म्हणजे?" मी विचारलं.

"बहुतेक म्हणजे बहुतेक," ते म्हणाले. मला ते त्याच वेळी आवडले. खोटा धीर देणाऱ्यांची मला चीड आहे, आणि त्या दोन दिवसांत असे लोक पुष्कळ भेटायचे होते.

मग डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं. या आजारावर औषध एकच, बाळ बाहेर काढणं. ते लगेचही करता आलं असतं. पण बाळ कच्चं होतं. त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला इंजेक्शनं द्यायची होती आणि ती लागू पडायला दोनेक दिवस हवे होते. तोवर बीपी औषधांनी आटोक्यात राहिलं तर थांबायचं, हाताबाहेर गेलं तर एक मिनिटही नाही. "थांबलो तर बाळाला फायदा आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचे डोळे या काळात आणखी बिघडू शकतात. जिवालाही धोका असतो, म्हणून आम्ही सतत बघत राहू. तुम्ही ठरवा."

आई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. "परवा आठवा लागते," ती म्हणाली. "थांबू नका. आजच करा."

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. त्यांना एरवी याच्या उलट म्हणणारी माणसं भेटत असावीत, नववा लागू द्या म्हणून हातापाया पडणारी. इथं आई आजच करा म्हणत होती, आणि तिकडं चिखलीत सासूबाई पंचांग घेऊन बसल्या होत्या आणि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. "सातवा सरला नाई अजून. आजच्या आज मोकळी करा तिले. परवाचं लेकरू हाती लागत नाई." नवरा फोन घेऊन कॉटजवळ आला. "तुही आई म्हणते आज, माही आई म्हणते आज," तो म्हणाला. "आपल्या लग्नात एका गोष्टीवर एकमत नव्हतं झालं दोघींचं." तो विनोद करत नव्हता.

म्हणजे झालं होतं असं की, जी समजूत मी जन्मभर हसण्यावारी नेली, ती आता माझ्या डोळ्यांच्या बाजूनं उभी होती. मी नुसतं "आईचं ऐका" म्हटलं असतं तर त्याच दिवशी सुटले असते आणि कोणी मला नावं ठेवली नसती. उलट गुणाची सून ठरले असते. आणि मला भीती वाटत होती, हेही सांगते. बाळाची नव्हे, डोळ्यांची. लोकांना हे ऐकायला बरं वाटत नाही. आईपण कसं पहिल्या दिवसापासून उचंबळून यायला हवं. बाळाला मी अजून भेटले नव्हते. डोळे तीस वर्षांपासून माझे होते. त्यांच्यावर माझं पोट होतं, पुस्तकं होती, रस्ता ओलांडणं होतं.

तरी मी म्हणाले, "थांबू." त्यागबिग काही नव्हता तो. मला समोर बसून, समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं होतं. उत्तर कळल्यावर मुद्दाम चुकीचं लिहायला माझा हात वळेना, एवढंच.

आईनं तोंड फिरवलं. "शिकली ना तू," ती म्हणाली, "आता डोळे घालव, लेकरूबी घालव." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पण कॉटच्या कडेला बसून तिनं माझा हात धरला, तो मात्र सोडला नाही. सलाईन लावायला चुडा आड येत होता, तेव्हा नर्सनं कात्री मागितली. आईनं तिला हात लावू दिला नाही. तेल मागवलं आणि एकेक बांगडी स्वतः उतरवली, एकही न फोडता. माझी कातडी सोलवटली. मी ओरडले तरी ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी डाग पसरला. छताचा पंखा गेला, मग नवऱ्याचा चेहरा गेला, मग माझाच हात. खिडकीच्या बाजूला उजेड आहे एवढं कळायचं. भेटायला येणारे आवाज म्हणायचे, "काही नाही होत, सगळं ठीक होते." मी त्यांच्याकडं पाठ करायची. एकदा मला रडू फुटलं आणि थांबेना. बीपी वाढेल म्हणून नर्स रागावली. मी विचार करत होते की उद्यापासून असंच राहिलं तर मी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहणार की पोरांकडं. असले फालतू विचारच तेव्हा येतात, मोठे येत नाहीत.

शेवटचं इंजेक्शन होऊन गेलं होतं. त्यानंतर अजून काही तास मिळावेत असं डॉक्टरीणबाईंच्या मनात होतं, पण दिवस मावळता मावळता बीपी औषधाला जुमानेना आणि मला आत नेलं. आईच्या हिशेबानं आठवा दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला लागणार होता. म्हणजे डॉक्टरांची इंजेक्शनंही पुरी झाली आणि आईचा सातवाही साधला. बोलाफुलाला गाठ पडली. लेकरू सातव्यातलं म्हणून जगलं, असं आई आजही सगळ्या धाडला सांगते. मी इंजेक्शनांचं सांगते. दोघी एकमेकींचं ऐकून घेतो.

मुलगी झाली. तिचं रडणं मांजराच्या पिल्लाएवढं होतं. कोणीतरी तिला माझ्या तोंडाजवळ आणलं आणि म्हणालं, "पाहा ताई, पाहा तुमची लेक." मला हिरव्या गाऊनची बाही दिसली आणि दिव्याचा उजेड दिसला. त्या दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं.

"पाहिली," मी म्हणाले. ते तिला घेऊन गेले.

पुढचे कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती. मला खुर्चीत बसवून तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि वरून कापड बांधायचे. कच्च्या बाळांना अशानं ऊब मिळते. मी तिला हातांनी पाहायला लागले. उजव्या कानाची पाळी वर दुमडलेली. पाठीवर लव. टाळू धडधडणारी. टाच माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. डोकं सरकवत सरकवत ती नेहमी माझ्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली आणून ठेवायची आणि मग एक सुस्कारा सोडायची. येणारे-जाणारे मला ती कशी आहे ते सांगायचे. नाक तुझं, कपाळ बापाचं, रंग आजीचा. मी ऐकून घ्यायची. सांगणाऱ्या प्रत्येकानं तिला पाहिलेलं होतं, आणि मला त्यांचा, नवऱ्यासकट सगळ्यांचा, हेवा वाटायचा.

पाणी जिरायला लागलं ते कडेकडून. आधी पंख्याची पाती आली, मग दाराची चौकट. डोळ्यांचे डॉक्टर दर तपासणीला "हळूहळू" म्हणायचे आणि त्यापुढं काही बोलायचे नाहीत. कच्च्या बाळांचे डोळे तपासावे लागतात, म्हणून त्यांनी मुलीचेही तपासले. ते चांगले होते. ती दूध ओढायला लागली, वजन धरलं, आणि आम्ही शेवटी धाडला गेलो. माझ्या डोळ्यांच्या मधोमध अजून धुकं होतं.

एका सकाळी आई अंगणात उन्हात पाय पसरून बसली होती आणि पायांवर मुलीला घेऊन तेल लावत होती. मी आतून टॉवेल घेऊन आले. खाली पाहिलं आणि चेहरा होता. कडा नव्हेत, मधला चेहरा. दोन भुवया, त्यांच्यात आठी, मिटलेलं तोंड. किती दिवस याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि मला काहीच वाटलं नाही. ते नाक माझं नव्हतं, कपाळ कोणाचंच नव्हतं. शेजारणीचं मूल आईच्या पायांवर असावं तसं ते परकं मूल माझ्याकडं पाहत होतं. मी घाबरले. आठव्या-सातव्याच्या वेळी घाबरले नव्हते तितकी.

"काऊन अशी पाहून राह्यली?" आई म्हणाली. "दिसते का तुले?"

मी तिथंच बसले, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढं केले. आईनं तेलकट पोर माझ्या हातांत ठेवली. मी तिला छातीशी धरलं. कानाची पाळी वर दुमडलेली होती. डोकं सरकत सरकत डाव्या हाडाखाली आलं, आणि तिनं सुस्कारा सोडला.

मला जोरात रडू आलं.

"अव, दिसते का नाई तुले?" आईनं विचारलं.

"दिसते," मी म्हणाले. "हीच हाय."